एका पानाला एक शतक

मूल झोपल्यावर किंवा ते उठायच्या आधी दहा-पंधरा मिनिटं काढा. हे मनन मुलासाठी नाही. घरी बसून मुलाला इतिहास वाचून दाखवणाऱ्या आणि त्याच्या हातून वही लिहवून घेणाऱ्या आईसाठी, बाबांसाठी, आजोबांसाठी आहे. समोर मुलाची इतिहासाची वही ठेवा. अजून सुरू झाली नसेल तर कोरी ठेवा. पेन नको. फोन दुसऱ्या खोलीत असू दे. पाठ टेकून बसा, तळहात वहीवर ठेवा आणि श्वास जसा चालला आहे तसा चालू द्या.

मनात पहिल्यांदा काय येतं ते नुसतं पाहा. बहुतेक घरांत काळजीच आधी येते. शाळेतली मुलं चौथ्या धड्यापर्यंत पोचली असतील आणि आपण अजून एकाच लेण्यात अडकलो आहोत. सनावळ्या पाठ नाहीत. दहावी एनआयओएस या मुक्त विद्यालयाची द्यायची की खाजगीरीत्या बसायचं, तेही ठरलेलं नाही. उद्या एखाद्या पाहुण्यानं विचारलं की पानिपत कधी झालं, आणि मूल गप्प राहिलं तर? ही काळजी खोटी नाही, तिला हाकलू नका. तिला एवढंच सांगा की तुझी वेळ अजून आलेली नाही. परीक्षेपुरती प्रश्नोत्तरं मोठ्या वयात थोड्या महिन्यांत तयार होतात. आज समोर आठ-नऊ वर्षांचं मूल आहे आणि त्याच्याबरोबर आपल्याला वेगळं काम आहे: मेलेल्या माणसांचं म्हणणं नीट ऐकायला शिकणं. त्या कामाला घाई चालत नाही. श्वास एकदा सावकाश सोडा.

आता वही उघडा. ती कशी असावी याबद्दल माझं मत ठाम आहे. शाळेतल्या प्रयोगवहीसारखी, एक बाजू रेघी आणि एक बाजू कोरी. कागद जाड, डिंकानं काही चिकटवलं तरी न चुरगळणारा. समोरासमोरच्या दोन बाजू मिळून एक पान धरायचं, आणि एका पानाला एक शतक. रेघी बाजूला शब्द येतील, कोऱ्या बाजूला चित्रं, नकाशे, ठसे. ही कल्पना माझी नाही. इंग्लंडच्या उत्तरेला अँबलसाइड या गावी शार्लट मेसन (1842–1923) यांनी घरी शिकणाऱ्या मुलांसाठी जी पद्धत घडवली, तिच्यात मुलं अशी शतकांची वही ठेवायची. संग्रहालयात पाहिलेलं भांडं, पुस्तकात भेटलेला माणूस, जे ज्या शतकातलं असेल ते त्या पानावर जायचं. ती वही इयत्तेबरोबर संपत नसे, मुलाबरोबर वाढत असे. मला या पद्धतीतलं हेच सगळ्यात मोलाचं वाटतं.

डोळे मिटा आणि मनातल्या मनात पानं मागे उलटत चला. शेवटचं पान एकविसाव्या शतकाचं. मूल इथं जन्मलं. एक पान मागे या. विसावं. तुम्ही बहुधा इथले, तुमचे आईवडील इथले, त्यांचे आईवडीलही इथलेच असतील. आणखी एक पान, एकोणिसावं. पेशवाई 1818 साली इथं संपली, 1853 साली बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी इथं सुटली, सावित्रीबाई फुले इथं जन्मल्या आणि इथंच गेल्या. अठरावं. पानिपत, 14 जानेवारी 1761. सतरावं. रायगडावरचा राज्याभिषेक, 1674. मोजून पाहा, आजपासून हे पाचवंच पान आहे.

थांबू नका. तेरावं शतक येईल, चक्रधर आणि ज्ञानेश्वर. आठवं, वेरूळचं कैलास लेणं. पाचवं, अजिंठ्याच्या रंगवलेल्या भिंती. मग पहिलं. त्याच्या मागे सन बदलतो. मध्ये शून्य नावाचं साल नाही. इसवी सनापूर्वीचं 1 हे साल संपलं की थेट इसवी सन 1 सुरू होतं. त्या सीमेपलीकडे एक पाऊल टाकलं की बाविसावं पान, आणि तुम्ही सातवाहनांच्या राज्यात येता. इथून आणखी पंधरा पानं मागे गेलात की शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगावची वस्ती लागते. इसवी सनापूर्वी सुमारे 1600 मध्ये ती वसली. डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञांनी 1968 ते 1983 या काळात ती खणली. मातीची आयताकृती घरं, धान्याच्या बळदी, शेतात जव. घरातलं लहान मूल दगावलं तर त्याला दूर नेत नसत. दोन मडकी तोंडाला तोंड लावून आडवी ठेवत आणि त्यांत त्याला घालून घराच्या जमिनीखालीच पुरत.

या पानावर जरा बसा. तीन-साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या त्या आईला आपल्या मुलाला जवळ ठेवायचं होतं, असं मनात येईल. येऊ द्या. पण लगेच हेही लक्षात घ्या की तिच्या मनातलं आपल्याला ठाऊक नाही. मडकी सापडली, जागा सापडली. बाकी आपण जोडलं. इतिहास घरी शिकवायचा म्हणजे या दोन गोष्टींमधलं अंतर रोज सांभाळायचं, आणि ते आधी आपल्या मनात सांभाळावं लागतं, तेव्हा कुठे मुलाच्या वहीत उतरतं.

मूल जेव्हा ही पानं स्वतः मोजतं तेव्हा त्याला दचकवणारी एक गोष्ट कळते. सातवाहनांपासून शिवाजी महाराजांपर्यंत सतरा पानं, आणि महाराजांपासून आपल्यापर्यंत चारच. इनामगावच्या पहिल्या घरांपासून सातवाहनांपर्यंतचं अंतरही जवळजवळ तेवढंच मोठं. लहान मुलाच्या मनात आजीचं लहानपण, मावळे आणि लेणी खोदणारे सगळे शेजारीशेजारी राहत असतात. पानं उलटताना बोटांना जे कळतं, ते तोंडानं सांगून कळत नाही. मधली बरीच पानं वर्षानुवर्षं कोरी राहतील, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. सहाव्या शतकाच्या पानावर काहीच नाही हे दिसलं, तर एक दिवस मूलच विचारेल की तेव्हा इथं कोण राहत होतं.

काय वाचायचं, हा प्रश्न आता मनात येईल. घरात कपाटभर पुस्तकं नाहीत, गावात ग्रंथालय असलं तर बालविभाग नाही. अशा वेळी 1928 सालचा उन्हाळा आठवा. दहा वर्षांची इंदिरा मसुरीला होती आणि जवाहरलाल नेहरू अलाहाबादला. त्यांनी तिला पत्रं लिहायला घेतली: पृथ्वी कशी झाली, माणूस कसा आला, लिपी कशी सुरू झाली. सुरुवातीलाच त्यांनी तिला नदीतल्या गुळगुळीत गोट्याकडे बघायला सांगितलं. तो आधी टोकदार होता, पाण्यानं त्याला लोटत घासत आणलं, म्हणजे त्याच्या अंगावर त्याची हकीकत लिहिलेली आहे. पुढे 1930 ते 1933 या काळात त्यांनी तुरुंगातून तिला साऱ्या जगाचा इतिहास पत्रांतून सांगितला. तिथं ग्रंथालय नव्हतं. पुस्तकं यायची आणि परत जायची. वाचताना काढलेली टिपणं तेवढी हाताशी राहायची.

त्यातून आपल्यासाठी एवढं घ्या की मुलाच्या वहीशेजारी तुमचीही एक वही हवी. मुलाला वाचून दाखवण्याआधी तुम्ही वाचलेलं, तुम्हाला अडलेलं, तुम्हाला न पटलेलं तिच्यात असू द्या. मुलाला ती दिसू द्या. मोठं माणूसही लिहून ठेवतं आणि प्रश्नचिन्ह काढतं, हे पाहणं हाच त्याचा निम्मा अभ्यास आहे. पुस्तकाची निवड मग सोपी होते. ज्याच्या लेखकाला विषयाची ओढ आहे, ज्यात माणसं आणि जागा आहेत, ज्यातलं एक पान वाचून झाल्यावर मूल 'मग?' असं विचारतं, ते पुस्तक. उताऱ्याखाली गाळलेल्या जागा असणं ही पुस्तकाची पात्रता नव्हे.

आता एकच पान घेऊ आणि ते उद्याच्या सकाळसाठी मनात घोळवू. बाविसावं पान, नाणेघाट.

जुन्नरहून निघून घाटमाथ्याच्या कडेला उभं राहा. पायाखाली कोकण आहे. ही खिंड एके काळी कल्याण आणि सोपारा या बंदरांना जुन्नरशी आणि पुढे पैठणशी जोडत होती. माल भरून चढणारी जनावरं आणि माणसं इथं दम घ्यायची. खिंडीच्या तोंडाशी एक लेणं आहे. आत गेल्यावर डाव्या-उजव्या भिंतींवर ब्राह्मी लिपीतला, प्राकृत भाषेतला लांबलचक लेख आहे. सातवाहन घराण्यातल्या नागनिका राणीचा. तिनं आणि सातकर्णी राजानं केलेले यज्ञ त्यात सांगितले आहेत, अश्वमेधसुद्धा, आणि दिलेली दक्षिणा: गाई, घोडे, हत्ती, गावं, कार्षापण नावाची नाणी. किती, तेही आकड्यांत कोरलं आहे. भारतातल्या अगदी जुन्या कोरीव आकड्यांपैकी हे आहेत. त्यांत शून्य नाही. दहाला वेगळी खूण, शंभराला वेगळी, हजाराला वेगळी.

मागच्या भिंतीकडे वळा. तिथं या घराण्यातल्या माणसांच्या मूर्ती होत्या, राणीची आणि राजाचीही. वर त्यांची नावं कोरलेली आहेत. मूर्ती आज नाहीत. नावांखाली पावलांच्या तुटक खुणा तेवढ्या उरल्या आहेत.

हे दृश्य डोळ्यांसमोर थोडा वेळ राहू द्या. वर नाव, खाली पाऊल, मध्ये काही नाही.

आता कल्पना करा की हेच तुम्ही मुलाला वाचून दाखवलं आहे. एकदाच. शार्लट मेसन यांचा आग्रह असे की उतारा एकदाच वाचावा, मग पुस्तक मिटावं आणि मुलानं तो आपल्या शब्दांत सांगावा. पुन्हा वाचून मिळणार आहे हे कळलं की कान सैल सुटतो. तुम्ही पुस्तक मिटलंत. आता मुलाची पाळी. ते काही बोलत नाही. छताकडे बघतं, पायाची बोटं ओढतं. तुमच्या जिभेवर प्रश्न तयार आहे: 'राणीचं नाव काय होतं? सांग बघू.' तो प्रश्न तिथंच थांबवा. ही शांतता रिकामी नाही. मूल आत काहीतरी लावतं आहे, कुठून सुरू करायचं ते शोधतं आहे. श्वास घ्या, सोडा, पुन्हा घ्या.

मग ते बोलू लागतं. समजा ते म्हणतं, 'एक राणी होती, तिनं खूप म्हणजे खूप गाई दिल्या, मग ते पुतळे कुठेतरी गेले आणि त्यांचे पाय मागेच राहिले.' तुमच्या मनात काय उठलं? हसू आलं असेल. 'गेले नाहीत रे, तुटले' असं म्हणावंसं वाटलं असेल. यज्ञ राहिले, कार्षापण राहिलं, सातवाहन हे नाव राहिलं, याची यादी मनात तयार झाली असेल. त्या यादीकडे पाहा आणि तिला बाजूला बसवा. मुलानं जे ठेवून घेतलं ते त्याचं आहे. गाई, आकडे आणि मागे राहिलेले पाय, एवढ्या तीन गोष्टी घेऊन ते बाविसाव्या पानावर पोचलं. उरलेलं तिथं भिंतीवर आहे. ते दोन हजार वर्षं थांबलं आहे, आणखी चार वर्षं थांबेल. चुकीचा शब्द नंतर, वही लिहिताना, एका वाक्यात सुधारता येतो. सांगणं मध्येच तोडलं की मात्र मूल पुढच्या वेळी तुमच्या चेहऱ्याकडे बघून सांगू लागतं, आणि लेणं मागे पडतं.

आता वहीचं पान. कोऱ्या बाजूला ते पावलं काढेल, वर रिकामी भिंत सोडेल. रिकामी भिंत काढणं मुलांना जमतं. आपल्यालाच ती भरून टाकावीशी वाटते. आंतरजालावरचं रंगीत चित्र छापून तिथं चिकटवू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. रेघी बाजूला ते दोन-चार ओळी लिहील. लहान असेल तर ते बोलेल आणि तुम्ही त्याच्याच शब्दांत उतरून घ्याल. शब्द सुधारून न घेता.

समासात आणखी एक काम करायचं. प्रत्येक ओळीपुढे एक अक्षर. 'दि' म्हणजे दिसतं, 'सां' म्हणजे सांगतात, 'वा' म्हणजे मला वाटतं. राणीचं नाव कोरलेलं आहे: दि. घाटाच्या माथ्यावर दगडाचा मोठा रांजण आहे: दि. त्यात येणारे-जाणारे जकातीची नाणी टाकायचे: सां. हे आजूबाजूचे लोक पिढ्यान् पिढ्या सांगत आले आहेत. राणीच्या त्या लेखात यज्ञ आणि दान आहे, रांजण नाही. मुलाला रांजणाची गोष्टच जास्त आवडेल, आवडू द्या. ती खोडायची नाही, तिच्यापुढे 'सां' लिहायचं. पुतळे कुणीतरी मुद्दाम फोडले असतील: वा. या तीन अक्षरांत इतिहास लिहिणाऱ्याची शिस्त पुष्कळशी येऊन जाते, आणि आठ वर्षांचं मूल ती खेळ म्हणून शिकतं.

इथवर आलात, तर थोडं अवघड काही मनासमोर आणू.

शिवाजी महाराजांचा जन्म कधी झाला? तुमच्या मनात तारीख उमटली असेल, 19 फेब्रुवारी 1630. राज्य शासनानं मानलेली तारीख हीच, शिवनेरीवर सोहळाही त्या दिवशी होतो. आता तुमच्या आजोबांच्या वेळचं इतिहासाचं पुस्तक आठवा. त्यात 1627 हे साल असण्याची दाट शक्यता आहे. वैशाख शुद्ध द्वितीया, शके 1549. बखरींच्या परंपरेतून आलेलं हे साल पुष्कळ काळ सर्वमान्य होतं. मग भोर भागातल्या कारी गावच्या जेधे देशमुखांच्या घरातली शकावली लोकमान्य टिळकांच्या हाती आली. तिच्यात फाल्गुन वद्य तृतीया, शके 1551 अशी नोंद निघाली. महाराजांच्याच काळात कवींद्र परमानंदानं रचलेल्या 'शिवभारत'मध्येही तीच तिथी मिळाली. अभ्यासकांचे वाद बरीच वर्षं चालले, आणि हळूहळू पारडं 1630 कडे झुकलं. आजही काही घरांत, काही गावांत जयंती तारखेनं न करता तिथीनं करतात.

दोन सालं मनात शेजारी शेजारी धरून बसा. अस्वस्थ वाटेल. आपल्याला वाटतं की मुलाला एकच उत्तर द्यावं, नाहीतर त्याचा गोंधळ उडेल, किंवा एवढ्या मोठ्या माणसाबद्दल शंका काढल्यासारखं होईल. तसं होत नाही. ज्याच्यावर जीव आहे त्याच्याबद्दलचा एकेक कागद आपण तपासून घेतो, ती आदराचीच रीत आहे. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी जन्मभर हेच केलं. गावोगाव वाड्यांच्या माळ्यांवरची दप्तरं ते धुंडाळत हिंडले, आणि वाईला मिळालेल्या पानिपतच्या काळातल्या पत्रांपासून सुरुवात करून 1898 पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' छापत गेले. तेव्हा सतराव्या शतकाच्या पानावर दोन्ही सालं येऊ द्या, प्रत्येकापुढे ते कुठून आलं ते लिहून. मुलाला गणितही करू द्या. शकात 78 मिळवले की इसवी सन येतो. मग 1551 चे 1629 का होत नाहीत, 1630 कसे? फाल्गुन हा शेवटचा महिना. तो येतो तोवर इंग्रजी वर्ष बदललेलं असतं. हे स्वतः शोधून काढलेलं मूल ती तारीख जन्मात विसरत नाही.

आणि जाता जाता हे पाहा की हा एवढा मोठा वाद सुटायला कशाची मदत झाली. एका घराण्यानं आपल्या घरात जपलेल्या, साल-तिथीवार नोंदींची.

आता एक पान असं, जे वाचायच्या आधी तुम्हाला स्वतःला तयार व्हावं लागेल. एकोणिसावं शतक, 1855. पुण्यात फुले दांपत्याच्या शाळेत शिकणारी मुक्ता साळवे, मांग समाजातली शाळकरी मुलगी, एक निबंध लिहिते. मांग आणि महारांच्या दुःखाविषयी. 'ज्ञानोदय' या नियतकालिकात तो दोन भागांत छापून येतो. त्यात तिनं आपल्या माणसांवर झालेले अत्याचार लिहिले, ज्ञानाची दारं बंद ठेवणाऱ्या धर्माला थेट प्रश्न विचारला, आणि शिकल्यानं काय बदलेल ते सांगितलं. हे कुणी मोठ्या माणसानं तिच्याबद्दल लिहिलेलं नाही, तिनं लिहिलं आहे. आज तो निबंध इतिहासाचं साधन आहे.

तो मुलाला वाचून दाखवायच्या आधी एकट्यानं वाचा. वाचून झाल्यावर लगेच उठू नका. मूल जे विचारेल ते आधी स्वतःला विचारा: तेव्हा आपल्या घरातली माणसं कुठे होती? उत्तर प्रत्येक घराचं निराळं असेल. एखाद्या घरात तो निबंध आपल्याच पणजीच्या तोंडून आल्यासारखा वाटेल आणि आवाज दाटेल. एखाद्या घराला कबूल करावं लागेल की आपली माणसं दाराच्या आतल्या बाजूला उभी होती. एखाद्या घराला काहीच माहीत नसेल. जे असेल ते मनात पुरतं येऊ द्या, मुलासमोर ते पहिल्यांदा येऊ देऊ नका. मुलाला अपराधी वाटायला लावायचं नाही आणि त्याच्यापासून झाकायचंही नाही. त्यानं विचारलं तर जे खरं ठाऊक आहे ते साध्या वाक्यात सांगायचं. फार लहान मुलाला त्यातले क्रूर तपशील आज नकोत, त्यांचं वय येईल. पण मुक्ताचं नाव, तिनं लिहिलं हे, आणि तिला राग आला होता हे, एवढं आठव्या वर्षी पेलतं. या दिवशी वही लिहायचा आग्रह धरू नका. मूल गप्प राहिलं, किंवा उठून खेळायला गेलं, तरी पान वाया गेलं नाही.

काही दिवसांनी मात्र मुक्ताची आठवण आणखी एका कारणासाठी काढावी. शाळकरी वयात, स्वतःच्या शब्दांत, पाहिलेलं आणि ऐकलेलं लिहिलं, म्हणून ते आपल्यापर्यंत आलं. तुमच्या मुलाच्या हातातही पेन्सिल आहे आणि त्याच्याही आजूबाजूला माणसं आहेत. ज्यांनी 1972 चा दुष्काळ पाहिला ती माणसं अजून पुष्कळ घरांत आहेत. पुस्तकात त्या दुष्काळाचे आकडे मिळतील, त्या काळात सुरू झालेल्या रोजगार हमी योजनेचा 1977 साली कायदा झाला, हेही मिळेल. आजी कामावर जाताना भाकरी कशात बांधून न्यायची, ते पुस्तकात मिळणार नाही.

म्हणून शेवटी तुमच्या ओळखीतलं एक म्हातारं माणूस डोळ्यांसमोर आणा. आजी असेल, शेजारचे काका असतील, गावी राहणाऱ्या आत्या असतील. त्यांचा चेहरा, बसायची जागा, बोलायची लकब आठवा. त्यांना काय विचारायचं ते मूलच ठरवेल, पण प्रश्न लहान ठेवायला त्याला शिकवा. 'दुष्काळ कसा होता?' याला उत्तर 'फार वाईट' एवढंच येतं. 'पाणी कुठून आणायचात?' याला विहीर येते, अंतर येतं, कोण बरोबर जायचं ते येतं. 'खडी फोडायला घरातलं कोण जायचं?' 'कामावर सुकडी मिळायची का?' 'मिलो ज्वारीची भाकरी कशी लागायची?' मध्ये बोलू नका, आजीचं वाक्य तुम्ही पुरं करू नका. ती रडली तर मुलाला तिथून उठवू नका. तिचा हात धरायचं त्याला आपोआप सुचेल.

वहीत तिचे शब्द तिच्याच बोलीत लिहायचे. 'जायचो' म्हणाली तर 'जायचो', 'जात हुतो' म्हणाली तर 'जात हुतो'. समासात 'सां'. खाली सांगणाऱ्याचं नाव, गाव, आणि सांगितलं त्या दिवसाची तारीख, ती विसरू नये. त्या काळचं काही घरात उरलं असेल, रेशनकार्ड, हजेरीचा कागद, पाण्याची घागर, तर कोऱ्या बाजूला त्याचं चित्र आणि पुढे 'दि'. पुढच्या वर्षी आजीनं तीच हकीकत थोडी वेगळी सांगितली, तर पहिली खोडायची नाही. तिच्याखाली दुसरी लिहायची, नव्या तारखेसह. विसाव्या शतकाच्या पानावर जागा लवकर संपेल. कोऱ्या कागदाचे ताव आणून ठेवा आणि डिंकानं मध्ये जोडत जा.